दोन तारे शेजारी दिसले, पण ते जोडीदार आहेत हे कशावरून ठरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून हंस तारकासमूहातील अल्बिरिओ पाहिला, एका ताऱ्याच्या जागी एक नारिंगी आणि एक निळसर असे दोन तारे दिसले. ते एकमेकांभोवती फिरतात का, फिरत असल्यास किती वर्षांत, आणि जोडताऱ्याची वैशिष्ट्ये म्हणून नेमके काय पाहायचे असते, हे तुम्हाला हवे आहे. जोडताऱ्यांची मोजमापे घेण्यात माझी अनेक वर्षे गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अल्बिरिओचे उत्तर आधी देतो, कारण ते अनेकांना अनपेक्षित वाटते. हे दोन तारे गुरुत्वाकर्षणाने एकमेकांना बांधलेले आहेत असे आजच्या मोजमापांवरून खात्रीने म्हणता येत नाही. दोघांतील कोनीय अंतर सुमारे ३४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आहे आणि ते आपल्यापासून साधारण ४०० प्रकाशवर्षांच्या परिसरात आहेत. ते बांधलेले आहेत असे गृहीत धरले तरी एका प्रदक्षिणेला लाखभर वर्षांच्या घरातला काळ लागेल. त्यामुळे नेत्रिकेत (दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगात) ते वर्षानुवर्षे पाहत राहिलात तरी फिरताना दिसणार नाहीत.

तुमच्या एका प्रश्नात खरे तर दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, समोर दिसणारी जोडी खरी की आभासी? दुसरा, खरी असल्यास तिची कक्षा, वस्तुमाने आणि भवितव्य काय? पहिल्याचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नसतो, आणि पहिल्याचा निकाल नुसते पाहून लागत नाही. दुर्बिणीतून आपल्याला ताऱ्यांची दिशा कळते, खोली कळत नाही. मकर तारकासमूहातील अल्फा हा तारा नुसत्या डोळ्यांनीही दोन ताऱ्यांचा दिसतो. त्यांच्यात सहा कलांहून (एक कला म्हणजे ६० विकला) थोडे अधिक अंतर आहे. त्यांपैकी एक सुमारे शंभर प्रकाशवर्षांवर आहे आणि दुसरा त्याच्या कित्येक पट दूर. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, केवळ आपल्या दृष्टिरेषेत ते जवळजवळ आले आहेत.

असे योगायोग किती असू शकतात याचा हिशेब जॉन मिशेल यांनी १७६७ मध्येच मांडला होता. तारे आकाशात निव्वळ यदृच्छेने विखुरलेले असते तर इतक्या जवळच्या इतक्या जोड्या दिसल्याच नसत्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य खऱ्याच असल्या पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. विल्यम हर्शेल मात्र १७७९ पासून जोडताऱ्यांची पद्धतशीर नोंद करू लागले ते उलट अपेक्षेने. तेजस्वी तारा जवळचा आणि फिका तारा दूरचा असेल, तर पृथ्वीच्या प्रदक्षिणेमुळे जवळच्या ताऱ्याचे स्थान दूरच्याच्या तुलनेत किंचित हलेल आणि त्यावरून अंतर काढता येईल, असा त्यांचा विचार होता. पाव शतकानंतर त्यांनी तीच मोजमापे पुन्हा घेतली तेव्हा काही जोड्यांमध्ये वार्षिक हेलकाव्याऐवजी एकाच दिशेने सरकणारे वळण आढळले, आणि १८०३ मध्ये त्यांनी मिथुनेतील कॅस्टरसारखे तारे एकमेकांभोवती फिरत असल्याचे जाहीर केले. सूर्यमालेच्या बाहेरही गुरुत्वाकर्षण काम करते याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा होता. जोडताऱ्यांचा अभ्यास हा मुळात धीराने केलेल्या पुनर्मोजणीचा अभ्यास आहे, आणि मला तो आजही त्याचसाठी प्रिय आहे.

खरी जोडी ओळखण्यासाठी मी ज्या क्रमाने पाहतो तो असा. प्रथम दोघांचे आपल्यापासूनचे अंतर जुळते का ते पाहायचे. ते पराशयावरून, म्हणजे पृथ्वीच्या प्रदक्षिणेमुळे ताऱ्याच्या स्थानात दिसणाऱ्या किंचित वार्षिक हेलकाव्यावरून, कळते. मग दोघांची निजगती, म्हणजे आकाशात वर्षागणिक होणारे त्यांचे सरकणे, एकाच दिशेने आणि जवळपास एकाच वेगाने आहे का ते पाहायचे. उपलब्ध असल्यास आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेगही ताडून पाहायचा. शेवटची कसोटी एकमेकांच्या संदर्भात त्यांचा वेग किती आहे याची असते. बांधलेल्या दोन ताऱ्यांचा सापेक्ष वेग मुक्तिवेगापेक्षा, म्हणजे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यास लागणाऱ्या वेगापेक्षा, कमीच असला पाहिजे, आणि ताऱ्यांमधील अंतर वाढत जाते तशी ही मर्यादा खाली येते. सूर्याएवढ्या वस्तुमानापासून एक खगोलीय एकक (पृथ्वी ते सूर्य एवढ्या) अंतरावर ती सेकंदाला ४२ किलोमीटर असते. एकूण दहा सूर्यांचे वस्तुमान असलेल्या आणि चार हजार एकके दूर असलेल्या जोडीसाठी मात्र ती सेकंदाला जेमतेम दोन किलोमीटर उरते.

अल्बिरिओची अडचण नेमकी इथे आहे. युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया दुर्बिणीने मोजलेल्या दोघांच्या निजगतींत फरक आहे, आणि तो जसाच्या तसा धरला तर सापेक्ष वेग बंधनाच्या मर्यादेबाहेर जातो. परंतु नारिंगी तारा स्वतःच एक निकट जोडतारा आहे. त्याचा जवळचा सहचर अर्ध्या विकलेहूनही कमी अंतरावर आहे. त्या आतल्या फिरण्यामुळे नारिंगी ताऱ्याचे मोजलेले सरकणे थोडे फसवे होते, आणि इतका तेजस्वी तारा गायासाठी तसाही अवघडच होता. म्हणून मी या जोडीला ‘बहुधा आभासी, निर्णय बाकी’ असे म्हणतो.

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच हंस तारकासमूहात आहे, आणि तुमच्या दुर्बिणीतून ते सहज दिसेल. ६१ सिग्नी या जोडीतील अंतरही सुमारे ३१ विकलाच आहे. दोन्ही तारे नारिंगी, प्रत (तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा फिका) ५.२ आणि ६ च्या आसपास, आणि रंगांचा विरोध नसल्याने बरेच जण ती पाहून पुढे जातात. पण ही जोडी आपल्यापासून केवळ ११.४ प्रकाशवर्षांवर आहे. दोन्ही तारे वर्षाला पाच विकलांहून अधिक वेगाने जवळजवळ एकाच दिशेने सरकतात, आणि एकमेकांभोवतीची त्यांची प्रदक्षिणा साधारण साडेसहाशे ते सातशे वर्षांची आहे. फ्रीडरिश बेसेल यांनी १८३८ मध्ये याच ताऱ्याचा पराशय मोजून ताऱ्याचे पहिले विश्वासार्ह अंतर जाहीर केले होते. एकाच तारकासमूहातल्या, जवळपास सारख्याच कोनीय अंतराच्या या दोन जोड्या एका रात्री पाठोपाठ पाहा. नेत्रिकेतील जवळीक आणि प्रत्यक्षातील नाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावण्यासाठी याहून चांगली जोडगोळी मला माहीत नाही.

आता दुसरा प्रश्न. जोडी खरी ठरली की तिच्याकडून पहिल्यांदा दोनच आकडे मिळतात, कोनीय अंतर आणि स्थितिकोन. स्थितिकोन म्हणजे मुख्य ताऱ्यापासून सहचराची दिशा, उत्तरेकडून पूर्वेकडे अंशांत मोजलेली. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या वॉशिंग्टन जोडतारा सूचीत दीड लाखांहून अधिक जोड्या आहेत, आणि त्यांतील बहुतेकींबद्दल याच दोन आकड्यांच्या, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या नोंदींपलीकडे फारसे काही माहीत नाही. ज्यांची कक्षा काढता आली आहे अशा जोड्या त्यांच्या तुलनेत फारच थोड्या आहेत.

वर्षानुवर्षांच्या नोंदी कागदावर मांडल्या की सहचराचा मार्ग लंबवर्तुळाकार दिसू लागतो. हे दिसणारे लंबवर्तुळ खरे नसते. कक्षेचे प्रतल आपल्याकडे तिरके असल्याने आपल्याला त्याची दबलेली छाया दिसते, आणि म्हणूनच मुख्य तारा त्या छायेच्या नाभीवर, म्हणजे लंबवर्तुळाच्या आतील ज्या ठरावीक बिंदूवर खऱ्या कक्षेत तो असतो तिथे, सापडत नाही. तो नाभीपासून किती आणि कुठे सरकलेला दिसतो, यावरूनच प्रतलाचा कल काढता येतो. फेलिक्स साव्हारी यांनी १८२७ मध्ये सप्तर्षीतील झाय या जोडीसाठी हे गणित प्रथम सोडवले. त्या जोडीचा आवर्तनकाल सुमारे ६० वर्षांचा आहे.

कक्षा किती चपटी असू शकते याचा अंदाज सहसा कोणाला नसतो. ग्रहांच्या जवळपास वर्तुळाकार कक्षांची आपल्याला सवय झालेली असते, पण दूरदूरच्या जोडताऱ्यांमध्ये चांगलीच लांबट कक्षा अगदी सामान्य आहे. कन्या तारकासमूहातील गॅमा, म्हणजे पोरिमा, ही जोडी घ्या. दोन्ही तारे जवळपास सारखे, साडेतीन प्रतीचे. आवर्तनकाल सुमारे १६९ वर्षे आणि विकेंद्रता ०.८८ (शून्य म्हणजे वर्तुळ, एकाच्या जवळ म्हणजे फार लांबट). त्यांच्यातील अंतर जास्तीत जास्त सहा विकलांपर्यंत जाते, परंतु २००५ मध्ये ते अर्ध्या विकलेच्याही आत आले होते, आणि लहान दुर्बिणींत ती जोडी अक्षरशः एका ताऱ्यासारखी दिसत होती. त्याआधी १८३६ च्या सुमारास तसेच घडले होते. आता ते अंतर पुन्हा तीन विकलांच्या पुढे गेले आहे. निकट बिंदूपाशी काही महिन्यांत स्थितिकोन झपाट्याने फिरतो आणि नंतर कित्येक दशके जेमतेम हलतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की एखाद्या जोडीची गती मंद आहे म्हणून तिचा आवर्तनकाल प्रचंडच असणार, असा निष्कर्ष काढू नये. ती कदाचित कक्षेच्या दूरच्या टोकाशी असेल.

कक्षेचे खरे मोल वस्तुमानात आहे. एकट्या ताऱ्याचे वस्तुमान थेट तोलण्याचा मार्ग जवळपास नाहीच, त्यामुळे ताऱ्यांच्या वस्तुमानांबद्दल आपल्याला जे भक्कम ज्ञान आहे त्याचा पाया जोडताऱ्यांनी घातलेला आहे. गणित सोपे आहे. कक्षेचा अर्धदीर्घाक्ष, म्हणजे तिच्या सर्वांत लांब व्यासाचा अर्धा भाग, खगोलीय एककांत घ्या आणि त्याचा घन करा. आवर्तनकाल वर्षांत घ्या आणि त्याचा वर्ग करा. घनाला वर्गाने भागले की दोघांचे मिळून वस्तुमान सूर्याच्या पटीत मिळते. व्याधाच्या जोडीचा अर्धदीर्घाक्ष ७.५ विकला आणि पराशय ०.३७९ विकला आहे, म्हणून पहिल्याला दुसऱ्याने भागून तो सुमारे १९.८ एकके येतो. त्याचा घन ७७६२. आवर्तनकाल ५०.१ वर्षे, त्याचा वर्ग २५१०. भागाकार ३.०९. म्हणजे दोघे मिळून तीन सूर्यांपेक्षा किंचित जड. ही बेरीज कोणाच्या वाट्याला किती, हे कळण्यासाठी दोघे समाईक गुरुत्वमध्याभोवती स्वतंत्रपणे किती हलतात ते पार्श्वभूमीच्या ताऱ्यांच्या संदर्भात मोजावे लागते. व्याधाच्या बाबतीत मुख्य तारा सहचराच्या निम्माच हलतो, म्हणून त्याचे वस्तुमान दुप्पट, सुमारे दोन सूर्य, आणि सहचराचे एक सूर्य.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. अंतराचा घन होत असल्याने पराशयातील पाच टक्क्यांची चूक वस्तुमानात पंधरा टक्क्यांची होते. आकड्यांसोबत अनिश्चितता दिलेली नसेल तर त्या वस्तुमानावर मी विसंबत नाही.

व्याधाचा सहचर दिसण्यापूर्वीच सापडला होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. व्याध सरळ रेषेत न सरकता नागमोडी सरकतो हे बेसेल यांनी १८४४ मध्ये दाखवले आणि न दिसणाऱ्या सोबत्याचे अनुमान काढले. ॲल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क यांना तो ३१ जानेवारी १८६२ रोजी नवे मोठे वस्तुभिंग (दुर्बिणीचे पुढचे मुख्य भिंग) तपासताना प्रत्यक्ष दिसला. अलीकडे गायाच्या मोजमापांतून याच पद्धतीने सूर्यासारख्या ताऱ्यांचे अदृश्य सोबती सापडले आहेत. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अशा एका जोडीतील सोबती सूर्याच्या सुमारे दहापट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे.

आता तुम्ही विचारले आहे की पुस्तकांत दृश्य, वर्णपटीय (वर्णपटातून कळणारे) आणि पिधानकारी (एकमेकांना झाकणारे) असे जोडताऱ्यांचे प्रकार दिलेले असतात, ते काय. हे ताऱ्यांचे प्रकार नसून आपल्याला ते कळण्याचे मार्ग आहेत, आणि हा फरक मनात पक्का ठेवलात तर बराच गोंधळ टळेल. तीच जोडी जवळ असती तर दृश्य ठरली असती, दूर आहे म्हणून केवळ वर्णपटातून कळते. सप्तर्षीतील वसिष्ठ हा तारा छोट्या दुर्बिणीतून १४ विकला अंतरावरच्या दोन ताऱ्यांत विभागलेला दिसतो. त्यांतील तेजस्वी ताऱ्याच्या वर्णरेषा (वर्णपटातील बारीक रेषा) ठरावीक काळाने दुहेरी होतात, हे १८८९ मध्ये एडवर्ड पिकरिंग यांनी जाहीर केले. एक तारा आपल्याकडे येत असतो तेव्हा दुसरा दूर जात असतो, आणि या वेगांमुळे दोघांच्या रेषा वर्णपटात विरुद्ध दिशांना सरकतात, म्हणून त्या फाकतात. त्या आतल्या जोडीचा आवर्तनकाल केवळ २०.५ दिवस आहे. दुसरा ताराही तसाच वर्णपटीय जोडतारा निघाला. म्हणजे तुमच्या नेत्रिकेत दोन ठिपके दिसतात तेव्हा प्रत्यक्षात चार तारे असतात. जोडीच्या पोटात जोडी ही रचना वारंवार आढळते, कारण तीन-चार तारे सारख्याच अंतरांवर एकत्र राहिले तर ती व्यवस्था टिकत नाही आणि एखादा तारा बाहेर फेकला जातो. आतली जोडी घट्ट आणि बाहेरचा सोबती बराच दूर, अशी मांडणीच दीर्घकाळ तग धरते. कॅस्टरचे सहा तारे अशाच तीन घट्ट जोड्यांनी बनलेले आहेत.

कक्षेचे प्रतल आपल्या दृष्टिरेषेत आले तर तारे एकमेकांना झाकतात. ययातीतील अलगोल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो आणि काही तासांत पूर्ववत होतो. जॉन गुडरिक यांनी १७८३ मध्ये ही नियमितता मांडली. दुर्बीणही न वापरता पाहता येणारा हा जोडतारा आहे, आणि पिधानाच्या काळात आजूबाजूच्या ताऱ्यांशी त्याची दर अर्ध्या तासाने तुलना केलीत तर प्रकाश कमी होताना स्पष्ट जाणवेल. प्रकाशाच्या घसरणीचा आकार आणि कालावधी यांवरून ताऱ्यांच्या त्रिज्या मिळतात, ज्या दृश्य जोडीकडून सहसा मिळत नाहीत.

अलगोलकडे आणखी एक मोठी गोष्ट शिकण्यासारखी आहे. जोडीतील तारे सहसा एकाच वेळी, एकाच वायुमेघातून जन्मतात, तेव्हा त्यांच्यातील फरक मुख्यतः वस्तुमानामुळे पडतो, आणि जड ताऱ्याने आधी म्हातारे व्हावे हा नियम आहे. अलगोलमध्ये मात्र तीन सूर्यांहून थोडा जड तारा अजून तरुण अवस्थेत आहे आणि एका सूर्याहूनही हलका तारा फुगून वार्धक्याकडे गेला आहे. याचे स्पष्टीकरण असे की आज हलका असलेला तारा मुळात जड होता. तो फुगला तेव्हा त्याचे बाहेरचे थर सोबत्याच्या गुरुत्वाच्या हद्दीत गेले आणि त्याचे बरेचसे द्रव्य सोबत्याकडे वाहून गेले. म्हणून जोडीचे भवितव्य विचारताना मी आधी ताऱ्यांमधील अंतर विचारतो. ६१ सिग्नीचे तारे शंभर एककांच्या आसपास दूर आहेत, ते एकेकट्या ताऱ्यांसारखेच आयुष्य काढतील. अंतर ताऱ्याच्या फुगलेल्या आकाराशी तुल्य असेल, तर मात्र द्रव्याची देवघेव, नवताऱ्याचे स्फोट किंवा विलीनीकरण हे सगळे शक्य होते.

रंगांबद्दल थोडक्यात: अल्बिरिओचे रंग खरे आहेत, कारण नारिंगी तारा साडेचार हजार केल्व्हिनच्या आत आहे आणि निळा त्याच्या जवळपास तिप्पट तापमानाचा. शेजारच्या विरोधामुळे डोळा ते थोडे वाढवून दाखवतो एवढेच. ज्येष्ठाचा सोबती अनेकांना हिरवा दिसतो, तो मात्र निव्वळ विरोधाचा परिणाम आहे. प्रत्यक्षात तो निळसर पांढरा आहे.

तुमच्या दुर्बिणीने काय होईल हे हवेवर आणि ताऱ्यांच्या तेजातील फरकावर अवलंबून आहे. ११६ ला वस्तुभिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागले की विभाजनाची मर्यादा विकलांत मिळते. तुमच्यासाठी ती सुमारे १.७ विकला. पण हे सूत्र सारख्या तेजाच्या ताऱ्यांसाठी आणि शांत हवेसाठी आहे. व्याधाचा सहचर अकरा विकला दूर असतानाही तुम्हाला बहुधा दिसणार नाही, कारण मुख्य तारा त्याच्यापेक्षा नऊ-दहा हजार पट तेजस्वी आहे. उलट पोरिमा आज तुमच्या आवाक्यात आहे.

मोजणी सुरू करायची असल्यास अल्बिरिओवरच करा, कारण ती सोपी आहे. तारांची नेत्रिका, म्हणजे आत एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन बारीक तारा असलेली नेत्रिका, लावा आणि दुर्बीण स्थिर ठेवून तारे क्षेत्रातून आपोआप पश्चिमेकडे सरकू द्या. नेत्रिका अशी फिरवा की तारा आडव्या तारेवरून न ढळता सरकेल. आता उभी तार उत्तर-दक्षिण झाली. नारिंगी तारा उभ्या तारेला लागला की घड्याळ सुरू करा आणि निळा लागला की थांबवा. साधारण २.१ सेकंद यायला हवेत. एका सेकंदात खगोलीय विषुववृत्तावरचा तारा १५ विकला सरकतो. अल्बिरिओच्या २८ अंश क्रांतीमुळे (त्या विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतरामुळे) ते १३.३ होतात, म्हणून पूर्व-पश्चिम अंतर सुमारे २८ विकला. एका वाचनात बोटाच्या प्रतिक्रियेची चूक बरीच असते, म्हणून वीस-पंचवीस वाचने घेऊन सरासरी काढा. स्थितिकोन ५४ अंशांच्या जवळ आहे, आणि २८ ला त्याच्या ज्येने (साइनने) भागले की ३४-३५ विकला मिळतात. नोंद करताना तारीख वर्षाच्या दशांशात, वस्तुभिंगाचा व्यास, वर्धन, वाचनांची संख्या आणि त्यांचा विखुरलेपणा हे सर्व लिहा. त्यांच्याविना ती नोंद पुढे कोणाला वापरता येत नाही. हात बसला की याच पद्धतीने ६१ सिग्नी मोजा. पोरिमासाठी मात्र ही पद्धत पुरणार नाही, तिच्यासाठी कॅमेरा आणि अधिक लांब नाभीय अंतर लागेल.